बहिणीच्या सहीवाचून अडलेला मोबदला

वाचकाचं पत्र :

ताई, नमस्कार. मी बार्शी तालुक्यातला, वय ४९. वडील २००३ साली वारले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. घरात आई, मी आणि लग्न झालेल्या दोन बहिणी. थोरलीचं लग्न १९९१ ला झालं, धाकटीचं १९९९ ला. आजोबांकडून आलेली सहा एकर आणि वडिलांनी १९८५ साली विकत घेतलेली दोन एकर, अशी आठ एकर मी एकटा कसतो. सातबारावर नाव माझं, आई आणि बहिणी 'इतर हक्कात' आहेत. आता आमची पाऊण एकर रस्त्यात जातेय आणि मोबदल्यासाठी सगळ्यांच्या सह्या मागतात. थोरलीने लगेच नोटरीकडे जाऊन बाँडवर हक्क सोडल्याचं लिहून दिलं. धाकटी नाही म्हणते. मोबदल्यातला हिस्सा तर हवाच, वर जमिनीवरचं नावही राहू दे, असं तिचं म्हणणं. दोघींच्या लग्नाचं कर्ज मी फेडलं, विहीर मी खोल केली, आईचं दुखणंखुपणं मी बघतो. माझ्या बायकोने तिच्या माहेरी एक शब्द न बोलता सही करून दिली होती. गावात सगळे म्हणतात की ९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलीला काही मिळत नाही, वडील २००५ च्या आधी गेले असतील तर कुठल्याच मुलीला मिळत नाही, आणि लग्नात दिलं तोच तिचा वाटा. हा कायदाच घरं फोडायला आणलाय, असंही म्हणतात. खरं काय ते साध्या भाषेत सांगा. आणि धाकटीला वगळून मोबदला उचलता येईल का, तेही.

*

नमस्कार दादा,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे या आठवड्यात कुणी काही भलतंच सुचवलं तर तुम्ही त्या वाटेला जाणार नाही. धाकटीला वगळून मोबदला उचलता येणार नाही. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात तिचं नावच घालायचं नाही, ही युक्ती तुम्हाला कुणी तरी सांगेल, कदाचित सांगितलीही असेल. खोटं प्रतिज्ञापत्र हा फौजदारी गुन्हा आहे, आणि तुमच्या बाबतीत तो पकडायला पोलीसही लागणार नाहीत, कारण तिचं नाव इतर हक्कात लिहिलेलं आहे. एकाच कागदावर तिचं नाव असताना दुसऱ्या कागदावर ती जन्मालाच आली नाही, असं कसं दाखवणार? तिने भूसंपादन अधिकाऱ्याकडे एक हरकतीचा अर्ज दिला की वाटपाचा वाद दिवाणी न्यायालयाकडे जातो आणि रक्कम तिथे अडकून पडते. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात तशी तरतूदच आहे. मग तिचा हिस्सा राहू द्या, तुमचाही हातात पडत नाही.

आता गावातल्या तीन गोष्टींकडे येऊ. पारावर बसलेले लोक अडाणी असतात असं मी मानत नाही. त्यांनी सांगितलेली पहिली दोन वाक्यं कधी ना कधी खरी होती. कायदा पुढे गेला आणि वाक्यं तिथेच राहिली. तालुका कोर्टात इतकी वर्षं काढल्यावर मला वाटतं की जमिनीच्या कायद्याबद्दल गावात जे बोललं जातं ते बहुतेक वेळा बनावट नसतं, शिळं असतं.

९४ चं घ्या. महाराष्ट्राने केंद्राच्या आधी अकरा वर्षं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला. २२ जून १९९४ पासून. आंध्र आणि तमिळनाडू त्याही आधी पुढे गेले होते. पण आपल्या कायद्यात एक खुंटी मारलेली होती : त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुलीला हा हक्क नाही. त्यामुळे १९९१ ला लग्न झालेली थोरली बाहेर आणि १९९९ ला झालेली धाकटी आत, असं २००५ पर्यंत खरोखरच होतं. गावाच्या लक्षात नेमकं तेवढं राहिलं. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातली केंद्राची दुरुस्ती देशभर लागू झाली आणि तिच्यात लग्न झालं की नाही, कधी झालं, हा प्रश्नच ठेवला नाही. खुंटी उपटली गेली. ही गोष्ट आता वीस वर्षं जुनी आहे.

दुसरं वाक्य त्याहून ताजं आहे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटलं होतं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील आणि मुलगी दोघंही हयात हवेत, तरच मुलीला हा हक्क. निकाल गाजला, वकिलांनी तो पक्षकारांना सांगितला, पक्षकारांनी गावाला. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने, वडील २००१ ला वारलेले असूनही, मुलींना हिस्सा दिला. दोन पीठं दोन दिशांना, मग खालच्या कोर्टांनी काय करायचं? शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने विनीता शर्मा प्रकरणात गाठ सोडवली : हक्क जन्माने मिळतो, त्यामुळे २००५ च्या त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही. तुमचे वडील २००३ ला गेले, त्याने धाकटीचं काही बिघडत नाही आणि थोरलीचंही नाही.

एक अपवाद तेवढा सांगून ठेवते. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्र झालेलं असेल किंवा कोर्टाच्या हुकुमाने वाटप झालेलं असेल, तर ते उकरता येत नाही. ही तारीख कुठून आली, तर त्या दिवशी विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं. 'आमच्यात तोंडी वाटणी आधीच झालेली' हे सांगणं आता सहजासहजी चालत नाही. तोंडी वाटणीला सरकारी कागदांचा भक्कम आधार असेल तरच, आणि तोही अपवाद म्हणून, कोर्ट तिकडे बघतं. तुमच्या पत्रात अशा कुठल्या वाटणीचा उल्लेख नाही, म्हणून पुढे जाते.

तिसरं वाक्य, लग्नात दिलं तोच वाटा. हे कुठल्याच वर्षी कायद्यात नव्हतं. मुलाच्या शिक्षणाचा, त्याच्या लग्नाचा, मोटारसायकलचा खर्च त्याच्या हिश्शातून कापलेला मी आजवर पाहिला नाही. आणि 'लग्नात दिलं' म्हणजे नेमकं काय दिलं, हे कोर्टात लिहून देण्याआधी दोनदा विचार करा. १९६१ च्या कायद्याने हुंडा घेणं हा गुन्हा आहेच, देणंही गुन्हाच आहे.

आता तुमच्या घराचा हिशेब मांडू, कारण 'समान हक्क' म्हटलं की प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा आकडा असतो. वडिलांनी घेतलेली दोन एकर सोपी. ती त्यांची स्वकष्टार्जित, मृत्युपत्र नाही, म्हणून आई, तुम्ही आणि दोघी बहिणी यांना प्रत्येकी चौथा हिस्सा, म्हणजे वीस-वीस गुंठे. हा नियम २००५ च्या दुरुस्तीचा नाही, १९५६ च्या मूळ कायद्याचा आहे. त्या वर्षीच्या १७ जूनपासून मुलगी, मुलगा, विधवा आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस म्हणून एका ओळीत बसले. तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून.

सहा एकरांत थोडं गणित आहे. आजोबांकडून आलेली म्हणजे वडिलोपार्जित, असं आपण सरसकट म्हणतो, पण आजोबा कधी वारले यावर बरंच ठरतं. ते १९५६ च्या कायद्यानंतर गेले असतील आणि त्यांच्या हिश्शाची जमीन वारसाने वडिलांना मिळाली असेल, तर ती साधारणपणे वडिलांची स्वतंत्र मिळकत धरतात. मग पुन्हा चार वारस, चौथा हिस्सा. आधी गेले असतील तर ती एकत्र कुटुंबाची. तिथे असं धरायचं की वडिलांच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटप झालं : वडील, आई, तुम्ही, दोन बहिणी, प्रत्येकी पाचवा हिस्सा. मग वडिलांचा पाचवा हिस्सा उरलेल्या चौघांत. बेरीज करून बघा, प्रत्येकाला चौथाच येतो. म्हणजे आजोबा केव्हाही वारलेले असोत, सहा एकरांत धाकटीची दीड एकर, थोरलीची दीड, आईची दीड आणि तुमची दीड. दोन्ही मिळून प्रत्येकी दोन एकर.

तुम्ही हे वाचून कागद खाली ठेवाल हे मला माहीत आहे. आठ एकर कसणाऱ्या माणसाला दोन एकर ऐकणं सोपं नाही. पण जरा थांबा, गावातल्या जुन्या नियमानेही तुमची आठ एकर कधीच नव्हती. समजा २००५ ची दुरुस्ती झालीच नसती, ९४ चीही नसती. तरी सहा एकर एकत्र कुटुंबाची धरली तर वडील, आई आणि मुलगा असे तीन वाटे पडले असते आणि वडिलांचा तिसरा वाटा चौघांत गेला असता. दोघी बहिणींना वीस-वीस गुंठे, आणि आईला अडीच एकर. अडीच एकर, दादा! तुमच्याइतकीच. तिचं नाव इतर हक्कात कुणी टाकलं?

हे मी मनाने सांगत नाही. सांगलीच्या कोर्टात हिराबाई मगदूम नावाच्या एका विधवा बाईंनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला दावा लावला होता. नवरा १९६० मध्ये वारला होता. मागे त्या, दोन मुलगे आणि तीन मुली. दोन घरं, जमीन आणि दोन दुकानं यांत माझा चोविसात सात हिस्सा आहे, असं त्यांचं म्हणणं. मुलाशी भांडण, सांगली ते मुंबई ते दिल्ली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने तो हिशेब बरोबर ठरवला. नवऱ्याबरोबर वाटप झालं असतं तर मिळाला असता तो चौथा हिस्सा, अधिक नवऱ्याच्या चौथ्या हिश्शातला सहावा भाग. त्याच हिशेबात तिन्ही मुलींना चोविसावा-चोविसावा भाग येतो. लहान आहे, पण शून्य नाही. जमिनीच्या दाव्यांत वकील अजूनही या निकालाचा आधार घेतात. मुलींना जमीन द्यायचं खूळ २००५ ला आलं असं जे म्हणतात, त्यांनी हा चोविसावा भाग हिशेबात धरलेला नसतो.

तुमच्या सातबारावरच्या 'इतर हक्का'बद्दल. ही आपल्याकडची जुनी खोड आहे. वारस नोंद करताना मुलाचं नाव वर भोगवटादार म्हणून, आणि बायकांची नावं कर्जाच्या बोज्याशेजारी, विहिरीच्या पाण्याच्या हक्काशेजारी खाली टाकायची. काही उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असंही लिहिलेलं सापडतं. यातलं काहीही मालकी देत नाही की काढून घेत नाही. सातबारा हा महसुलाचा कागद आहे. फेरफारात नाव खाली गेल्याने हिस्सा खाली जात नाही.

आता थोरलीचा बाँड. हा भाग वाचायला तुम्हाला आवडणार नाही. स्थावर मिळकतीतला हक्क नोटरीसमोर सुटत नाही. हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. नोंदणी नसलेल्या बाँडने थोरलीचा हक्क जागच्या जागी आहे. तिला ते समजलंय का, आणि कायद्याने आपल्याला दोन एकर आहे हे माहीत असताना तिने सही केली का, हे तुम्हीच तिला विचारा. बिनमोबदला, भावाच्या नावे वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क सोडला तर मुद्रांक नाममात्र लागतो. पैसे घेऊन सोडला तर तो व्यवहार विक्रीसारखा धरतात आणि मुद्रांकही तसाच. पण एकदा रीतसर नोंदणी झाली की मागे फिरता येत नाही. फसवणूक किंवा दबाव होता हे सिद्ध करायला नंतर कोर्टाचीच पायरी चढावी लागते, तीही मुदतीत. म्हणून थोरलीची सही दुसऱ्यांदा घ्यायची वेळ आलीच तर घाईने घेऊ नका.

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर अशा सह्या रोज होतात. सकाळीच गाडी येते, तिघी-चौघी बहिणी उतरतात, भाऊ चहा सांगतो. आत अंगठा, वेबकॅमसमोर फोटो, पदर सावरून पुन्हा फोटो. दस्तावर काय लिहिलंय हे बहुतेकींनी वाचलेलं नसतं, वाचायला द्यावं असं कुणाला वाटलेलंही नसतं. मग प्लॅस्टिकच्या पिशवीतली साडी हातात येते आणि सगळे जेवायला जातात. त्यातल्या कितीतरी बायका अगदी मनापासून सही करतात हेही खरं. सासरी उद्या काही बिनसलं तर पाठ टेकायला माहेरची भिंत हवी, पंचमीला कुणीतरी न्यायला यायला हवं, आई असेपर्यंत तरी त्या घरात ताठ मानेने शिरता यावं. त्या हिशेबात दीड एकर त्यांना महाग वाटत नाही. त्या निवडीला मी हसणार नाही. फक्त ती निवड असावी, म्हणजे काय सोडतोय हे माहीत असावं.

यावरून तुमच्या 'गावात सगळे म्हणतात' वर येते. हे सगळे म्हणजे कोण? पारावर बसलेले पुरुष, जे कुणाचे तरी भाऊ आहेत. तीच माणसं कुणाचे तरी जावईही आहेत. त्यांना बहिणीबद्दल विचारू नका, बायकोच्या माहेरच्या जमिनीबद्दल विचारा. गावाचं मत किती एकजूट आहे ते पाच मिनिटांत कळेल. तुमच्या बायकोने एक शब्द न बोलता सही केली, असं तुम्ही अभिमानाने लिहिलंय. त्या दिवशी घरी परत आल्यावर ती काय बोलली, ते मात्र पत्रात नाही. तिला विचारून बघा. तिच्या भावाच्या जमिनीतून रस्ता जात असेल तर तिलाही आज विचार पडला असेल.

कायदा घरं फोडतो, हे वाक्यही जुनंच आहे. हिंदू कोड बिल संसदेत आलं तेव्हा मुलींच्या वाट्याला विरोध करणारे हेच म्हणत होते. विधेयक रखडलं, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला त्यामागचं हे एक मोठं कारण होतं. १९५६ चा वारसा कायदा निघाला तो त्या लोकमताशी तडजोड करूनच. स्वकष्टार्जितात मुलींना बरोबरीचा हिस्सा, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क फक्त मुलांना. ती तडजोड सुटायला एकोणपन्नास वर्षं लागली. आणि तरी २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतजमिनीच्या वहितीदारांत बायका सुमारे १४ टक्केच आहेत. म्हणजे कायद्याने घरं फोडलीच असतील तर फार थोडी. बहुतेक घरांनी त्याला उंबऱ्याच्या आत घेतलंच नाही.

पण लोकमत दगडावरची रेघ नसतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नव्वदच्या सुमाराला लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली तेव्हा शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करा असं सांगितलं आणि बऱ्याच गावांतल्या पुरुषांनी ती केलीही. तो कायद्याचा धाक नव्हता. भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांच्या सभेत कुणीतरी त्यांना आरसा दाखवला होता.

जमिनीचे तुकडे होतील, हे तुम्ही लिहिलं नाही, पण मनात असेलच. त्याला माझं एकच उत्तर असतं. तुम्हाला दोन भाऊ असते तर तिघांत वाटप झालं असतंच, आणि तेव्हा धाकट्या भावाने तुकडे होऊ नयेत म्हणून हक्क सोडावा असं गावात एकही माणूस म्हणाला नसता.

आता तुमच्या तक्रारीतली खरी बाजू, कारण ती आहे. वडिलांच्या पश्चात कर्ज तुम्ही फेडलं, विहीर तुम्ही खोल केली, आईकडे तुम्ही बघता. कायदा याकडे डोळेझाक करत नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला हक्क दिला तशा जबाबदाऱ्याही दिल्या. वडिलांचं कर्ज मिळकतीवरचं होतं आणि ते तुम्ही फेडलं, याच्या पावत्या असतील तर वाटपाच्या हिशेबात त्या मांडता येतात. विहीर ज्याने बांधली त्याच्या वाट्याला शक्यतो तो भाग यावा असा कोर्टाचा कल असतो. पण हा हिशेब उघडला की दुसरं पानही उघडतं : वीस वर्षं आठ एकरांचं उत्पन्न कुणी घेतलं? ज्वारी, तूर, सोयाबीन, ऊस लावला असेल तर ऊस. म्हणून माझा सल्ला, हे सगळं कोर्टात नको, ओसरीवर मांडा. पावत्या काढा, धाकटीला दाखवा. लग्नाचा खर्च मात्र त्या ढिगात घालू नका. त्याने कर्जाच्या खऱ्या पावत्यांचंही वजन जाईल.

धाकटीला नाव का राहू द्यायचंय, हे तुम्ही तिला विचारलं का? भाऊ धरून चालतात की जमीन विकायची म्हणून. अनेकदा कारण वेगळंच असतं. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. जिच्या सासरी जमीन नाही, नवरा पुण्यात कंपनीत आहे, तिचं माहेरच्या सातबारावरचं नाव हाच तिचा आणि तिच्या मुलांचा शेतकरी असल्याचा पुरावा. ते नाव गेलं तर उद्या मुलाला दहा गुंठे घेता येणार नाहीत. हे कारण निघालं तर तोडगा सोपा आहे. ती थोडी जमीन स्वतःच्या नावे ठेवेल, बाकीचं तुमच्याशी जुळवून घेईल. आणि खरंच विकायची निघालीच, तर वारसाने मिळालेला हिस्सा विकताना आधी इतर वारसांना विचारावं लागतं, वारसा कायद्याच्या २२ व्या कलमाने. शेतजमिनीलाही ते लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. बांधावर परका माणूस येईल ही भीती त्यामुळे निम्मी तरी कमी व्हावी.

मोबदल्याचं सांगते. पाऊण एकर कुठल्या गटातून जातेय ते आधी बघा. दोन्ही जमिनींत तुमच्या घरी चौथाच हिस्सा येतो, त्यामुळे रक्कम चार ठिकाणी सारखी जाईल. चौघांनी मिळून लेखी संमती द्या आणि पैसे प्रत्येकाच्या खात्यावर थेट घ्या. सगळी रक्कम तुमच्या खात्यावर घेऊन 'नंतर देतो' असं करू नका, तुमची नियत साफ असली तरी. थोरलीला तिच्या खात्यावर आलेले पैसे तुम्हाला द्यायचे असतील तर ती ते तिच्या हाताने देईल. आईचा हिस्सा आईच्याच खात्यावर. तिच्या औषधांचा खर्च तिथूनच होऊ द्या, तुमच्यावरचं ओझंही हलकं होईल. आईच्या नावची जमीन तिच्या पश्चात मृत्युपत्र नसेल तर पुन्हा तुम्हा तिघांत सारखी जाईल, हेही आत्ताच सगळ्यांना माहीत असू द्या. 'आईचं माझ्याकडे' असं गृहीत धरूनच पुढची भांडणं होतात.

नंतर उरलेल्या सव्वासात एकरांचं. आई आणि बहिणींची नावं इतर हक्कातून वर घेण्यासाठी तलाठ्याकडे चौघांनी अर्ज करा. फेरफाराची नोटीस निघेल, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. प्रत्यक्ष वाटप हवं असेल आणि सगळे राजी असतील तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या ८५ व्या कलमाखाली अर्ज होतो, दिवाणी दाव्यापेक्षा कितीतरी स्वस्तात. राजी नसाल तर तूर्त वाटप करूच नका. नावं सामाईक ठेवून तुम्ही कसत राहा आणि धाकटीशी दरसाल खंडाचा किंवा धान्याचा काही तरी ठराव करा. एक अडचण येईल ती आत्ताच सांगते : नावं वर आली की पीककर्जाला सोसायटी सहहिस्सेदारांची संमती मागेल. दोघींकडून तेवढ्यापुरतं संमतीपत्र पेरणीच्या आधी घेऊन ठेवा, ऐन जूनमध्ये पुण्याला फोन करत बसू नका.

धाकटीलाही हे पान दाखवा, अशी माझी विनंती आहे. तिला वकील करायचा झाला तर तालुका विधी सेवा समितीकडून मोफत मिळतो. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तुम्ही म्हणाल, ताई, माझ्याविरुद्धचा वकील तुम्हीच सुचवताय. हो. दोन्ही बाजूंना नीट सल्ला मिळालेली भांडणं लवकर मिटतात असा माझा अनुभव आहे. ज्यात एका बाजूला फक्त पारावरचा सल्ला असतो ती नातवंडांपर्यंत चालतात.

विहिरीचं मात्र वेगळं लिहून घ्या. पाण्याच्या पाळ्या, मोटारीचं कनेक्शन कुणाच्या नावे, वीजबिल कोण भरणार आणि विहिरीपर्यंत जायची पायवाट कुठल्या बांधाने, हे चार ओळींत, सगळ्यांच्या सह्यांनिशी, आणि जमलं तर वाटपाच्याच कागदात. जमिनीचं वाटप शांतपणे झालेली घरंही पुढे पाण्याच्या पाळीवरून कोर्टात आलेली मी पाहिली आहेत.

तुमची,
वकीलताई